चार करडे रॉड

१

फुटलेला जॉइंट शेडच्या मधोमध ताडपत्रीवर ठेवला होता. आठ दिवस झाले होते, तरी कामगार वाट वाकडी करून जात होते. मशिनं बंद, दिवे अर्धेच, आणि बोलायचं झालंच तर कुजबुजून.

दोनचष्मे मात्र सरळ त्याच्यापाशी गेले आणि गुडघ्यांची कुरकुर न ऐकता खाली बसले. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, म्हणून सगळीकडे हेच नाव पडलेलं; खरं नाव विमा कंपनीच्या कागदांवर तेवढं उरलं होतं. तीस वर्षं हा माणूस फुटलेल्या, जळलेल्या, कोसळलेल्या वस्तू तपासत हिंडला. स्वभाव खवचट, जीभ तिखट, आणि घाईने उरकून जेवायला पळायची सवय अजिबात नाही.

या कारखान्याचं काम ऐकायला सोपं. वाफेचा पाइप तापला की लांबतो, आणि लांबायला जागा मिळाली नाही तर खांब म्हणू नका, भिंत म्हणू नका, जे मध्ये येईल ते ढकलतो. म्हणून पाइपांच्या मध्ये पातळ स्टीलच्या वळ्यावळ्यांचा भाता बसवतात. पेटीच्या भात्यासारखा तो दबतो, झुकतो आणि पाइपाची वाढ पोटात घालतो. प्रत्येक पाइपलाइन वेगळी, म्हणून प्रत्येक जॉइंट माप घेऊन, मुद्दाम बेतून केलेला.

हा जॉइंट फक्त बाजूला झुकण्यासाठी होता. लांबायला त्याला सक्त मनाई. आत वाफ भरली की भाता दोन्हीकडे फाकायला बघतो. त्याला धरून ठेवायला भोवती चार जाडजूड रॉड. ते कुणीतरी काढले. ग्राहकाच्या प्लांटमध्ये सकाळी वाफ सोडली, भाता ताणला, फाटला, आणि शेजारी उभा असलेला फिटर जागच्या जागी गेला.

ते ‘कुणीतरी’ म्हणजे तो फिटरच, असं मालकांनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं.

“साहेब, रॉडचा रंग बघा. करडा. आमच्याकडे करड्याला हात लावायचा नाही, जन्मभर नाही. पिवळे असतात ते वाहतुकीपुरते, भाता रस्त्यात चेपू नये म्हणून. वाफ सोडायच्या आधी ते काढायचे आणि आम्हाला परत पाठवायचे, पुढच्या जॉइंटला लागतात. शेंबड्या पोराला कळेल असा नियम आहे. यानं करडे काढले! आता गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण…”

“पण बोलताय,” दोनचष्मे म्हणाले. “रॉड इथे कसे आले?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगच्या खोलीत सुटे पडलेले दिसले. प्लांटवाल्यांनी जॉइंटबरोबर पाठवले असतील. मी लगेच सील करून ठेवले.”

“ड्रॉइंग दाखवा.”

मालकांनी कपाट उघडलं, फाइल काढली, पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली. ग्राहकाचं पत्र होतं, चाचणीचा दाखला होता. सहीशिक्क्याचं ड्रॉइंग गायब होतं.

“परवा माझ्या डोळ्यांनी बघितलंय हो!” मालकांना घाम फुटला. “कुलूप तर शाबूत आहे. चाव्या दोनच. एक माझ्याकडे, एक आमच्या डिझायनर ताईंकडे.”

“ड्रॉइंग त्यांनीच केलेलं?”

“त्यांनीच.” मालकांनी आवाज खाली आणला. “साहेब, तो फिटर त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता.”

२

डिझायनर आपल्या खोलीत बसली होती. तिशी ओलांडलेली, डोळे कोरडे, टेबल नको तितकं आवरलेलं. दोनचष्मे बसायच्या आत तीच बोलली.

“माझं गणित चुकलं असेल. रिपोर्टमध्ये माझं नाव लिहा.”

“एवढ्या लवकर? मला अजून पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी.”

तिने मुकाट्याने ग्लास पुढे केला. दोनचष्म्यांनी एक घोट घेतला आणि आपण उगाच जीभ चालवली असं त्यांना वाटलं.

“बाई, निष्काळजीपणाने माणूस मारल्याचा गुन्हा लागेल. हे काम कायमचं सुटेल. कळतंय ना?”

“कळतंय.”

“कंप्युटरवर ड्रॉइंग असेल की.”

“आहे. पण ते आजही बदलता येतं, तुम्ही पुरावा म्हणून धरणार नाही.”

“नाहीच धरणार. सहीशिक्क्याचा कागद कुठे गेला?”

“मला माहीत नाही.” हे मात्र ती खिडकीकडे बघून म्हणाली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, काजळलेल्या चिमण्या आणि त्याच रंगाचं आभाळ. मग ती आपण होऊन बोलायला लागली. “बाबा लवकर गेले. दादाने शाळा सोडून पाने हातात घेतले, म्हणून मी शिकले. मी काढलेला जॉइंट दादाने बसवायचा, असं आठ वर्षं चाललंय. आता घरी आई रोज एकच विचारते. तुमच्या दोघांतलं कोण चुकलं गं? एक तर माझं ड्रॉइंग चुकलं, नाहीतर दादाचे हात चुकले. तिसरं काही नाहीच ना!”

दोनचष्मे उठले आणि पॅकिंगच्या खोलीत गेले.

सील लावलेले चारही रॉड करडे होते. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना नट परत चढवलेले. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर ओढला आणि एकेक नट निरखला. रॉड काढायचा म्हणजे आधी नट फिरवायला हवा. नट फिरला की त्याच्या कडेचा रंग तडकणार, उडणार. इथे रंगाचा थर नटावरून आट्यांवर सलग उतरला होता. आठही नट तसेच. केसाएवढी चीर नव्हती.

रंगाचं ऐकायचं तर हे नट कुणी कधी उघडलेच नव्हते. आणि रॉड तर निघाले होते, माणूस तर मेला होता.

३

फोरमनला कारखान्यातले सगळे मामा म्हणत. या दोघा भावंडांचा तो खरोखरचा मामा, त्यांच्या आईच्या पाठचा भाऊ. बाप गेल्यावर पोरांचं घर यानेच उभं केलं, भाच्याला फिटरच्या कामाला यानेच लावलं आणि भाचीला इथे यानेच चिकटवलं. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण आठ दिवसांत कपडे अंगावर लोंबायला लागले होते.

तो वळ्या पाडायच्या प्रेसपाशी स्टुलावर बसला होता. प्रेस बंद होता. तरी एक हात त्याच्यावर ठेवलेला.

“मामा, त्या दिवशी प्लांटवर गेला होतात?”

“नाही साहेब. छातीच झाली नाही. मालक गेले दुसऱ्या दिवशी. मी बहिणीकडे गेलो.”

“जॉइंट इथून निघाला तेव्हा रॉडचा रंग कुठला होता?”

“ड्रॉइंगमध्ये असेल तोच.” तो प्रेसकडे बघत म्हणाला. “रंगाचं पेंटर बघतो. पेंटर सुट्टीवर आहे.”

“म्हणजे भाच्याची चूक झाली म्हणायची.”

मामाने झटकन मान वर केली. “असं म्हणू नका हो. त्याच्यासारखा हात शोधून सापडायचा नाही. काढलेले रॉड तरी कसे ठेवले होते बघा ना! नट परत चढवलेले, आटे खराब होऊ नयेत म्हणून गोणपाटात गुंडाळलेले, वर तारेने बांधून चिठ्ठी लावलेली. कोण करतं आजकाल इतकं? लोक फेकून देतात.” बोलता बोलता त्याचा बांध फुटला. तो गमछ्यात तोंड खुपसून रडायला लागला.

रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायला आपण कधी शिकलो नाही, याची दोनचष्म्यांना त्या दिवशी लाज वाटली.

बाहेर पडताना त्यांनी डिस्पॅचच्या टेबलावरून त्या जॉइंटची गेटची चिठ्ठी मागून घेतली. रोजच्यासारखीच छापील, खुणा केलेली. त्यातल्या एका खुणेपाशी त्यांची नजर अडली. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि गाडीवाल्याला प्लांटकडे चलायला सांगितलं.

४

प्लांटचा स्टोअरकीपर बोलका होता, पण त्या दिवसाचा विषय निघाला की त्याची गाडी अडखळायची.

“एकटाच काम करत होता साहेब. बाकीचे वरच्या प्लॅटफॉर्मवर. रॉड काढून, जुडगा बांधून इथे गेटवर आणून दिला आणि परत गेला, वाफ सोडताना जॉइंटपाशी उभं राहायचं म्हणून. तशी त्याची पद्धतच होती.”

“जुडगा उघडा होता?”

“छे! गोणपाटात. वरून तार, तारेला चिठ्ठी. आत काय रंगाचं होतं कुणास ठाऊक. हा बघा त्याने भरलेला गेटपास.”

अक्षर वळणदार होतं. ‘रॉड चार, कारखान्याला परत.’ खाली सकाळची वेळ. वाफ सोडायच्या तासभर आधीची.

दोनचष्म्यांनी तो कागद दोनदा वाचला. करडे रॉड जन्मभर जॉइंटवर राहायचे असतात. परत पाठवायचे ते फक्त पिवळे. जो माणूस आटे खराब होऊ नयेत म्हणून गोणपाट गुंडाळतो, तो आंधळेपणाने करडे रॉड ‘परत’ म्हणून लिहील? त्याने काढले तेव्हा ते रॉड पिवळे होते. आणि नंतर कुणीतरी, नट परत चढवलेले असतानाच, वरून करडा हात मारला होता. म्हणून तर चीर नव्हती.

“जुडगा कारखान्याला कुणी नेला?”

“दुपारी त्यांचाच एक माणूस आला आणि घेऊन गेला. इथे रडारड, धावपळ, नाव कोण विचारतो! ही सही.”

सही कसली, नुसती ओढलेली एक वाकडी रेघ.

दोनचष्म्यांना रेघ वाचायची गरज नव्हती. कारखान्यात सगळ्यांनी रॉड बघितले ते सुटे. गोणपाट, तार आणि चिठ्ठी कारखान्यातल्या एकाच माणसाला माहीत होती, आणि त्याने ती आज कौतुकाने, डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती.

एवढं जुळलं, तरी एक गोष्ट घशात अडकून राहिली. ज्याने रॉड करडे केले, त्याला दोष भाच्यावर ढकलायचा होता. मग ड्रॉइंग तर त्याच्या फायद्याचं. मालकांच्याही फायद्याचं. ते पळवलं कुणी, आणि कशाला?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डिझायनरच्या खोलीत मामाला बोलावून घेतलं. मालकांना बाहेर बसवलं. मालक रागावले, पण बसले.

“आधी तुमच्याशी,” दोनचष्मे तिला म्हणाले. “ड्रॉइंग काढा.”

“मी सांगितलं ना, मला…”

“त्या ड्रॉइंगवर ‘रॉड करडे, काढू नयेत’ असं स्वच्छ लिहिलेलं असणार. ते दिसलं की तुम्ही सुटता, मालक सुटतात. अडकतो फक्त तुमचा दादा. कारखान्यात त्याच्यासाठी स्वतःला खड्ड्यात घालणारं दुसरं कोण आहे?”

तिने पिशवीच्या तळातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

“दुसऱ्या दिवशी ते रॉड बघितले. करडे. मला वाटलं, चुकला दादा. मी जिवंत आहे, मी कसंही निस्तरेन. तो आता काय बोलणार?” तिचा आवाज फाटला. “आईने त्याला तरी चुकलेला म्हणू नये, एवढंच होतं माझ्या मनात.”

मामा भिंतीला टेकला. “काय केलंस गं हे पोरी!”

“थांबा मामा. तुमचं नंतर.” दोनचष्म्यांनी घडी उलगडली आणि शेजारी गेटची चिठ्ठी ठेवली. “ड्रॉइंगमध्ये रॉड चारच. चारही करडे. पिवळा एकही नाही, कारण हे चार जाड रॉडच वाहतुकीतही भाता धरून ठेवणार. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली.

“आणि गेटच्या चिठ्ठीवर काय खूण आहे? ‘पिवळे रॉड: चार.’ जॉइंटला रॉडच चार, मग पिवळे चार आले कुठून?”

दोनचष्म्यांनी दाराआडून एक रॉड पुढे घेतला, खिशातला छोटा चाकू काढला आणि मधोमध हळूच खरवडलं. वर करडा रंग निघाला. त्याखाली पिवळा. त्याखाली पुन्हा करडा.

मामा भिंतीला धरून खाली बसला, चप्पल पायातून सुटली.

“गेटवाला सोडेना,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मागे एक जॉइंट चेपून पोचला, तेव्हापासून मालकांचा हुकूम. पिवळे रॉड दिसल्याशिवाय माल बाहेर नाही. मी सांगितलं, या जॉइंटला लागत नाहीत. तो म्हणाला, कागदावर रकाना आहे. ट्रक उभा, ड्रायव्हर बोंबलतोय. मी डबा घेतला आणि त्या करड्यांवरच पिवळा मारला. म्हटलं, प्लांटवर आपलाच पोरगा आहे, फोन करून सांगतो की हे काढू नकोस, वरून करडा मार. आणि इकडे नवीन भात्याचं काम लागलं. दोन दिवस प्रेसवरून हललो नाही. विसरलो, साहेब. अक्षरशः विसरलो.”

“मामा, तू त्याला सांगायला विसरलास?” ती इतक्या हळू म्हणाली की दोनचष्म्यांना आधी ऐकूच आलं नाही.

“त्या सकाळी त्याचाच फोन येऊन गेला होता. रॉड जाड वाटले असतील त्याला, विचारायला केला असेल. प्रेस चालू होता, ऐकू आला नाही. बघितला तेव्हा सगळं संपलं होतं.” त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. “धावत गेलो, जुडगा उचलला. नट काढून नीट रंगवायला हवं होतं, जन्मभर पोरांना तेच शिकवलं. पण ते नट त्याने आवळले होते. माझ्याच्याने उघडवेनात.”

“आणि दोष त्याच्यावर टाकताना?” दोनचष्म्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात नेहमीचा खवचटपणा नव्हता.

“भ्यालो. तो तर गेलाच होता, त्याला आता काय लागणार, असं वाटलं. ही स्वतःवर घेईल हे डोक्यातच आलं नाही.”

भाची उठली. ती ओरडेल, मारेल, काहीतरी करेल असं दोनचष्म्यांना वाटलं. तिने फक्त मामाची चप्पल सरळ करून त्याच्या पायाशी सरकवली.

“चल,” ती म्हणाली. “आईला तू सांगायचंस.”

६

दोनचष्म्यांचं तिथे काही काम नव्हतं. रिपोर्टला घर लागत नाही. पण मामाचे पाय लटपटत होते आणि भाची एकटीने त्याला जिना चढवू शकली नसती, म्हणून ते गेले.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. बारीक चणीची, पाठीचा कणा ताठ. भावाला बघून तिने नुसती मान हलवली. त्याने बसायच्या आधीच सगळं सांगितलं, काहीही न गाळता. गेट, पिवळा रंग, राहून गेलेला फोन, आलेला फोन, करडा रंग. सांगताना तो हात जोडून उभा होता.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलीला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“म्हणजे ड्रॉइंग बरोबर होतं.”

“हो आई.”

“आणि त्यानेही बरोबर केलं. पिवळे होते, ते काढले.”

“हो.”

आई दोनचष्म्यांकडे वळली. “साहेब, भाता फाटायला किती वेळ लागतो?”

इतकी वर्षं ते लोकांना उत्तरं देत आले होते. आत्ता देऊ नये असं वाटलं, पण ती नजर हटवेना. “आधी ताणतो. चारपाच सेकंद. बघणाऱ्याला दिसतं.”

“म्हणजे त्याला दिसलं.” तिने भावाकडे बघितलं. “मग त्याला काय वाटलं असेल रे? आपलंच काहीतरी चुकलं, असंच ना?”

मामाने आता पळवाट शोधली नाही. “हो ताई,” तो म्हणाला. “असंच वाटलं असेल.”

“विसरलास, ते मी सोसेन. माणूस विसरतो. भ्यालास, तेही एखाद्या दिवशी सोसेन, तू या पोरांना वाढवलंयस.” तिचा आवाज चढला नाही. “पण माझा पोरगा स्वतःला दोष देत गेला. ते चार सेकंद मी तुला कधीच माफ करणार नाही.”

मामा दारापाशीच खाली बसला. त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. दोनचष्मे जिना उतरून रस्त्यावर आले. गाडीत बसून त्यांनी रिपोर्टचा कोरा कागद मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिलं, की फिटरने त्याला दिलेल्या खुणेप्रमाणे काम बिनचूक केलं होतं.